पावणेएकचा फॉल्ट

“मॅडम, आज तुमच्या डोळ्यांदेखत हा कॉम्प्रेसर ट्रिप होऊन बंद पडला, तर दोष तुमच्या मशीनचा. नाही झाला, तर दोष आमच्या नानांचा. मग संध्याकाळी मी त्यांना कायमचं घरी पाठवतो. बोला, मंजूर?”

बोरस्ते मॅनेजरांनी हे नानांच्या तोंडावरच विचारलं. नाना हातातला पान्हा पुसत खाली मान घालून उभे. मी काय मंजूर म्हणणार, कपाळ? एक प्लास्टिकचा क्रेट ओढला, उलटा घातला आणि पॅनलसमोर बसले. सकाळचे साडेआठ वाजले होते. यंत्र बिघडू नये म्हणून देव पाण्यात घालून बसणारे मी खूप पाहिलेत. यंत्र बिघडावं म्हणून बसलेली बहुधा मी पहिलीच.

सतरा वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि नाशिकला अंबडमधल्या एका छोट्या कंपनीत फील्ड इंजिनिअर होते. आम्ही कारखान्यांच्या मोटरींना ड्राइव्ह बसवून द्यायचो. ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारी पेटी. ती एका लोखंडी कपाटात बसते, त्या कपाटाला पॅनल म्हणायचं. काही बिनसलं की ड्राइव्ह मोटर बंद करतो आणि पडद्यावर दोन अक्षरं दाखवतो. ती दोन अक्षरं वाचून रोग शोधायचा, हे माझं काम. बाई असून मी हे करते याचं लोकांना इतकं आश्चर्य वाटायचं, की निम्मे जण यंत्राऐवजी माझ्याकडेच बघत बसायचे.

हे पॅकहाऊस दिंडोरी तालुक्यातलं. परदेशी जाणारी द्राक्षं इथे निवडायची, खोक्यांत भरायची आणि प्री-कूलिंगच्या खोलीत नेऊन पार शून्याच्या जवळ गार करायची. त्या खोलीचा कॉम्प्रेसर आमच्या ड्राइव्हवर चालायचा. डिसेंबरात तो मीच बसवून दिला होता. दोन महिने तक्रार नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून मात्र रोज जेवायच्या सुट्टीच्या तोंडावर कॉम्प्रेसर बंद पडायला लागला. पडद्यावर अक्षरं यायची, ओ-एच. म्हणजे ओव्हरहीट. पेटीचं पोट नव्वद अंशांच्या वर तापलं की जळून जाण्याऐवजी ती स्वतःच थांबते. पुन्हा थंड होऊन चालू व्हायला वीस-पंचवीस मिनिटं. तेवढ्यात गार झालेल्या मण्यांना घाम सुटतो, आणि घाम सुटलेलं द्राक्ष बोटीत बुरशी धरतं. एक कंटेनर तिकडच्या गिऱ्हाइकाने नाकारला होता. बोरस्त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

माझी ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला मी ड्राइव्हची आठवण तपासली. ही पेटी शेवटचे तीस फॉल्ट तारीख-वेळेसकट लक्षात ठेवते. सगळे दुपारी साडेबारा ते एकच्या मधले, बहुतेक पावणेएकचे. मला वाटलं, दुपारचं ऊन आणि जोराचं काम, दुसरं काय? पॅनलच्या डोक्यावर एक जाळी असते, तिच्याखालचा पंखा आतली गरम हवा वर फेकतो. पंखा बदलला. जाळी साफ करायला स्टुलावर चढले, तर जाळी चकचकीत! एवढी स्वच्छ जाळी मी आयुष्यात पाहिली नव्हती.

“नाना, शाबास हं,” मी वरून म्हटलं. “लोकांच्या पॅनलवर बोटभर धूळ असते. तुम्ही रोज पुसता वाटतं?”

“पुसतो ना,” नाना म्हणाले आणि लगेच ऑइलचा डबा शोधायला निघून गेले. मला वाटलं, लाजले.

नाना म्हणजे रंगनाथ गांगुर्डे, कॉम्प्रेसरचे ऑपरेटर. छप्पन्न-सत्तावन्नचे असतील. मालकांच्या, म्हणजे शेठजींच्या, जुन्या बर्फाच्या कारखान्यापासून त्यांच्याकडेच होते. कॉम्प्रेसरच्या आवाजात एवढासा फरक पडला तरी हातातला चहा टाकून उठायचे.

त्या दिवशी फॉल्ट आलाच नाही. बोरस्त्यांनी मला ऑफिसात जेवायला बसवलं. त्यांचा पाच खणी उंच डबा नानाच घेऊन आले. बोरस्ते पहिला घास घेऊन म्हणाले, “माफ करा हं मॅडम, आज भाजी गार आहे. एरवी आमच्या घरचा डबा असा नसतो, वाफा येत असतात. आज काय झालं कुणास ठाऊक.”

“अहो, चालतं,” मी म्हटलं. मला भाजीचं काय करायचं होतं? माझ्या डोक्यात ओ-एच फिरत होतं.

मी नाशिकला पोचले आणि दुसऱ्या दिवशी पावणेएकला ओ-एच.

दुसऱ्या खेपेला मी तापमान मोजणारा सेन्सर बदलला, त्याचं कार्डही बदललं. त्याही दिवशी काही झालं नाही. जेवताना बोरस्ते पुन्हा गार भाजीवर कुरकुरले. निघाले तशी दोन दिवसांनी फोन. “मॅडम, तुमचा ओ-एच आला.” जसं काही तो माझा भाचा.

आमचे साहेब ऑफिसात सगळ्यांसमोर म्हणाले, “निकुंभ, दोन खेपा, दोन पार्ट, आणि कारण शून्य. तिसऱ्यांदा हात हलवत आलीस तर फील्ड बंद. टेबलावर बसून कोटेशनं टाइप कर.” मागून कोणीतरी हसलं. कोण हसलं ते मला अजून आठवतं, पण नाव घेत नाही.

तोवर बोरस्त्यांनी आपला निष्कर्ष काढला होता. त्यांनी फॉल्टच्या तारखा मांडल्या. मी आले ते दोन दिवस कोरे. परदेशी तपासनीस आले ते दोन दिवस कोरे. शेठजी आले तो दिवस कोरा. “समजलं ना? कोणी बघणारं असलं की मशीन शहाणं. नसलं की जेवायच्या आधी बंद. नाना पंख्याचा खटका पाडतात आणि अर्धा तास जास्तीची सुट्टी घेतात. दुसरा ऑपरेटर बोलावून ठेवलाय मी.”

खरं सांगते, मलाही ते पटायला लागलं होतं.

तर अशी मी त्या शनिवारी क्रेटवर बसले होते. नऊ वाजले, दहा वाजले. पडद्यावर पोटाचं तापमान दिसत होतं. अठ्ठावन्न, साठ. नाना अधूनमधून येऊन गेजवरचे आकडे वहीत टिपून जात. अकराच्या सुमाराला ते माझ्याजवळ उकिडवे बसले.

“मॅडम, एक बोलू का?”

“बोला ना.”

“माझं काम गेलं तर जाऊ द्या. दोन-चार वर्षांनी बसायचंच होतं घरी. पण मशीन बंद पाडणारा म्हणून जायाचं नाही मला. चाळीस वर्सांत मी चालू मशीनला कधी हात लावला नाही. एवढं फकस्त शोधून द्या. कायबी निघू द्या त्यातून, पण खरं काय ते निघू द्या.”

“नाना, तुम्ही खरंच खटका पाडत नाही ना?” मी विचारलं. विचारलं आणि जीभ चावली.

नाना रागावले नाहीत. “नातीची आण,” म्हणाले आणि उठून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साडेबारा वाजले. बासष्ट. पावणेएक. चौसष्ट. मी पडद्यावरून नजर काढेना. चढ रे बाबा, एकदा तरी चढ. एक वाजला, पासष्ट. बाहेर सुट्टीची घंटा झाली आणि दारात बोरस्ते उभे राहिले.

“नाही ना झालं?”

“नाही.”

“मग संपलं तर.” नानांकडे न बघता ते म्हणाले, “पाच वाजता ऑफिसात या.” मग मला म्हणाले, “चला मॅडम, जेवून घ्या.”

त्या माणसासमोर बसून मला घास गिळवला नसता. “आज मी मागे बायकांत जेवते,” म्हटलं आणि माझा डबा घेऊन बाहेर पडले.

पॅकहाऊसच्या मागे रिकाम्या क्रेटची भिंत रचलेली असायची. तिच्या सावलीत बायका जेवायला बसत. चौदा जणी होत्या, बहुतेक सुरगाण्याकडच्या, हंगामापुरत्या येणाऱ्या. बाहेर उन्हाने जमीन भाजायची आणि या बायका स्वेटर घालून, डोक्याला फडकं बांधून आतून यायच्या. पॅकिंगचा हॉल गार, आणि प्री-कूलिंगमध्ये खोकी लावणाऱ्यांची तर बोटं वाकत नसत. सुट्टी झाली की पहिली पाच मिनिटं नुसती उन्हात हात धरून बसायच्या.

मला बघून सगळ्या आवरून-सावरून बसल्या. यमुनाबाई गावितने जागा दिली. ती त्यांच्यातली वडीलधारी, मोकळ्या तोंडाची. तिने फडकं सोडलं. नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, उडदाची घट्ट आमटी.

“घ्या मॅडम. पण आज गार हाये बघा. पार चामडं झालीया.”

“गारच असणार ना, यमुनाबाई. पहाटेची भाकरी.”

“नाय वं! रोज वाफ निघती आमच्या भाकरीतून. आज तुमी सकाळधरनं तिथं ठाण मांडून बसल्या, साहेब सारखे डोकावत्यात. मंग डबे ठेवायचे कुठं आमी?”

शेजारणीने तिला कोपर मारलं. यमुनाबाई भाकरी मोडायला लागली. सगळ्याच जणी एकदम खाली बघून जेवायला लागल्या.

माझा हात डब्यातच राहिला. “कुठे ठेवता डबे?”

मी डबा बाजूला ठेवला.

“यमुनाबाई, मी तपासणीवाली नाही. कोणाचं नाव सांगणार नाही. पण पाच वाजता नानांचं काम जातंय. कुठे ठेवता तेवढं सांगा.”

“नानाचं?” तिने वर पाहिलं. “नानाचं काम का म्हून? त्या माणसानं काय केलं?”

“तुम्ही सांगा आधी.”

“काय बाई, चेष्टा करता का गरिबाची? तुमीच तर जागा दावली. त्या लोखंडी कपाटाच्या डोक्यावं. इसरल्या व्हय? आमी तर तिला मॅडमची चूल म्हणतो.”

आणि मला धडाधड सगळं आठवलं.

डिसेंबरातला तो दिवस. कडाक्याची थंडी, ड्राइव्ह नुकताच चालू झालेला, मी खुशीत. कॉम्प्रेसरच्या खोलीच्या, म्हणजे प्लान्ट रूमच्या, दाराशी ही यमुनाबाई उभी होती, नव्या खोलीची चाचणी घेताना आतून खोकी लावून आलेली. डब्याचं झाकण तिला उघडत नव्हतं. बोटं निळी पडलेली. मी पॅनलच्या जाळीवरून माझा डबा काढला, झाकण उघडलं, आणि तिला वाफ दाखवली. मोठ्या ऐटीत म्हटलं, “आणा इकडे तुमचा डबा. ठेवा इथे. फुकटची गरमी आहे, नाहीतरी वायाच जाते.” तिचा डबा मीच वर ठेवला. तिचे दोन्ही हात धरून जाळीवर शेकायलाही लावले. नाना शेजारी उभे राहून हसत होते. मग मी नाशिकला आले आणि विसरून गेले.

त्या मात्र विसरल्या नाहीत. बाकीचं यमुनाबाईनेच सांगितलं. आधी एक डबा, मग तीन, मग चौदा. वाफ धरून राहावी म्हणून वरून गोणपाट. रोज बाराला डबे चढायचे, एकला उतरायचे. थंडीत पेटीने ते सोसलं, ऊन तापल्यावर सोसेना. आणि आत अन्न आणायला सक्त बंदी. गेल्या हंगामात पॅकिंगमध्ये डबा सापडला म्हणून दोघींना त्याच दिवशी काढलं होतं. म्हणून फाटकावरच्या राखणदाराने दोनदा घंटी वाजवली, म्हणजे फाईलवाला पाहुणा आला, की डबे खाली, गोणपाट क्रेटमागे, जाळी पुसून लख्ख. मी ज्या जाळीसाठी नानांना शाबासकी दिली, ती ही जाळी.

“चला,” मी उठले. “सगळ्यांचे डबे द्या मला.”

“मॅडम, जेवण…”

“रिकामे असले तरी चालतील.”

नाना प्लान्ट रूममध्ये एकटेच बसले होते, न जेवता. मला डब्यांचा ढीग कवटाळून येताना पाहून ताडकन उठले. चेहरा पडला.

“नाना, रोज कसे ठेवता, तसेच ठेवा.”

“मॅडम, त्यात बायांचा काय दोष नाही…”

“ठेवा हो आधी.”

नानांनी स्टूल घेतलं. एकेक डबा जाळीवर मांडला, कडेकडेने, पण मधली जागा मोकळी सोडली. वरून गोणपाट टाकलं. मी पडद्याकडे बघत राहिले. पासष्ट, सहासष्ट. पाच मिनिटांत एकोणसत्तर. दहा मिनिटांत सत्त्याहत्तर. आतला पंखा घरघरत होता, हवा जायला वाट नव्हती. ऐंशीला मी ओरडले, “काढा!” नानांनी सगळं एका झटक्यात खाली ओढलं. आकडा थांबला, मग हळूहळू उतरायला लागला.

नाना त्या आकड्याकडे बघत स्टुलावर तसेच बसले. “देवा रे,” म्हणाले. “म्हणजे मीच बंद पाडत होतो का रोज? ह्या हातानं?” त्यांनी तळहात उघडून पाहिले. “मला वाटायचं, वर जाणारी हवा, तिचा काय उपयोग. सांडणारं पाणी भांड्यात धरावं तसं.”

“नाना, ते मीच सांगितलं होतं तुम्हाला.”

“ते जाऊ द्या.”

“जाऊ द्या काय? आणि ही मधली जागा का सोडलीत?”

“तिथं मोठा डबा असतो.”

“कोणाचा?”

“ते पण जाऊ द्या, मॅडम.” ते उठले, माझ्या फाईलमधला सर्व्हिस रिपोर्टचा कागद त्यांनी बोटाने दाखवला. “लिहा इथं. ऑपरेटरनं आपला डबा जाळीवर ठेवला, म्हणून मशीन तापलं. एकच डबा, माझा. बायांचं नाव नको, हंगामाचा महिना राहिलाय त्यांचा. आन् तुमचं तर अजिबात नको. तुमची तिकडं काय गत करतील?”

“सकाळी तर म्हणत होतात, नाव खराब करून जायचं नाही.”

“ते मशीन बंद पाडल्याचं,” नाना म्हणाले. “भाकर गरम केल्याचं नाव लागलं, तर लागू द्या.”

मी तो कागद घेऊन क्रेटवर बसले. त्यात एक रकाना असतो, ‘बिघाडाचे कारण’. तिथे ‘ऑपरेटरची चूक’ एवढंच लिहिलं की मी सुटत होते. कारण सापडलं, कंपनी निर्दोष, फील्ड वाचलं, आणि तो मागून हसणारा गप्प. वर ते करायला समोरचा माणूस स्वतः सांगत होता. मी साधूसंत नाही. तो रकाना कोरा ठेवून मी बराच वेळ बसले होते, पेनचं टोपण काढत आणि लावत. मग लिहिलं, आणि विचार बदलायच्या आत उठले.

“चला नाना. पाच वाजेपर्यंत कशाला थांबायचं?”

डबे बायकांना परत देऊन आम्ही ऑफिसात गेलो. बोरस्ते जेवतच होते. समोर पाच खणांचा डबा पसरलेला. “या मॅडम. बघा, आज पण गारढोण. तुम्ही आलात की आमच्या घरच्या डब्याला काय होतं, देव जाणे.” मग नानांना पाहून त्यांचा आवाज बदलला. “पाच वाजता म्हटलं होतं मी.”

“कारण सापडलं, साहेब,” मी म्हटलं. मी त्या उंच डब्याकडे बघत होते. त्याचा सगळ्यात खालचा खण चांगला ताटलीएवढा रुंद. मधल्या जागेत बरोबर बसला असता.

“काय कारण?”

“पॅनलच्या जाळीवर जेवणाचे डबे ठेवत होते. हवा कोंडायची.”

“डबे? प्लान्ट रूममध्ये?” बोरस्ते ताठ झाले. “कोणाचे?”

“माझा, साहेब,” नाना पुढे झाले. “माझा एकट्याचा.”

“एका डब्याने साठ हॉर्सपॉवरची मोटर बंद पडते? वेडा समजता का मला?”

“पंधरा डबे होते,” मी म्हटलं. “आणि ठेवायला मी शिकवलं. डिसेंबरात, मशीन बसवलं त्याच दिवशी. पहिला डबा माझाच होता. यांनी कोणी आपल्या डोक्याने काही केलेलं नाही. हे घ्या, लिहून आणलंय.”

त्यांनी कागद घेतला. माझं अक्षर लावायला त्यांना वेळ लागला. ‘बिघाडाचे कारण : गरम हवेच्या जाळीवर जेवणाचे डबे ठेवावेत असे ड्राइव्ह बसवणाऱ्या इंजिनिअरने स्वतः सांगितले. ऑपरेटरची चूक नाही. शुभदा निकुंभ.’

“हे असं तुमच्या कंपनीत देणार तुम्ही?”

“हो.”

“नोकरी जाईल.”

“बघू.”

बोरस्त्यांनी कागद खाली ठेवला. रागाचा पारा चढलेलाच होता. “ते तुमचं तुम्ही बघा. पण पंधरा डबे म्हणजे… चौदा तर बायाच आहेत आपल्याकडे. आणि नाना डबा आणतच नाहीत, घरी जाऊन जेवतात. मग पंधरावा कोणाचा?”

नाना जमिनीकडे बघत होते. बोरस्त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझी नजर होती तिकडे, समोरच्या डब्याकडे पाहिलं. त्यांच्या हातात पोळीचा तुकडा होता, तो हातातच राहिला.

“नाना,” ते म्हणाले. “माझा पण?”

“वयनींनी सांगितलं होतं, साहेब,” नाना पुटपुटले. “गार जेवलं की तुमाला पित्ताचा त्रास होतो. मंग म्हटलं, ठेवायचेच हायेत सगळ्यांचे, तर साहेबांचा मधी ठेवू. मधी चांगला तापतो.”

बाहेर नळावर बायका डबे घासत होत्या, त्याचा आवाज येत होता. बोरस्त्यांनी पोळीचा तुकडा ताटात ठेवला. सकाळपासून त्यांनी पहिल्यांदाच नानांकडे सरळ पाहिलं.

“आणि मी तुम्हाला आज काढणार होतो.”

“तुमाला काय ठाऊक, साहेब.”

“डबे ठेवता हे तुम्ही सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर बाया गेल्या असत्या.”

बोरस्ते उठले, खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा आवाज पुन्हा मॅनेजरचा होता, पण जरा घोगरा. “मॅडम, आत डबे नकोतच. नियम म्हणजे नियम, तपासणीवाले मला फाडून खातील. पण ती हवा बाहेर नेता येईल का?”

“म्हणजे?”

“डबे आत आणायचे नाहीत. गरमी बाहेर न्यायची. भिंतीपलीकडेच तर बसतात त्या.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. इंजिनिअर मी, आणि हे सुचलं त्यांना! “येईल की,” मी म्हटलं. “जाळीवर पत्र्याची नळी बसवायची, भिंतीतून पार करायची. बाहेर तोंडापासून हातभर अंतर सोडून जाळीची फळी. हवा अडणार नाही, पॅनल उलट आणखी गार राहील.”

“मग आजच पत्रेवाल्याला बोलवा, नाना. आणि फळीवर माझा डबा मध्ये नको. आधी प्री-कूलिंगवाल्या बायांचे ठेवायचे. माझा कडेला.” नाना काही बोलणार, तेवढ्यात ते खेकसले, “आणि जेवा जा आता! उपाशी उभे आहात केव्हाचे!”

नाना दारापर्यंत नीट चालत गेले. बाहेर पडल्यावर त्यांनी टोपी काढून डोळ्यांवर दाबली. मी दुसरीकडे बघितलं. माझे तरी कुठे कोरडे होते?

नवा ऑपरेटर आलाच नाही. नाना आणखी पाच हंगाम त्या कॉम्प्रेसरवर होते. माझा रिपोर्ट वाचून आमच्या साहेबांनी मला लेखी मेमो दिला, ‘ग्राहकाच्या जागी निष्काळजी वर्तन’ अशा मथळ्याचा, आणि सहा महिने मी टेबलावर कोटेशनं टाइप केली. तो मागून हसणारा रोज समोर बसायचा. सहा महिन्यांनी दुसऱ्या एका साखर कारखान्याचा फॉल्ट कोणाला सापडेना, तेव्हा साहेबांनी मुकाट्याने माझ्या टेबलावर गाडीची किल्ली ठेवली. तो मेमो मी जपून ठेवलाय. सर्टिफिकेटांच्याच फाईलीत आहे.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे परवा आलेला फोन. आता माझ्या हाताखाली नऊ इंजिनिअर आहेत. त्यांतल्या ऋतुजाला मी दिंडोरीला पाठवलं होतं, जुना ड्राइव्ह काढून नवा बसवायला. मुद्दामच काही सांगितलं नव्हतं. दुपारी तिचा फोन आला, आवाज वैतागलेला.

“मॅडम, इथे एक भानगड आहे. पॅनलवरून एक पत्र्याची नळी भिंतीतून बाहेर गेलीय. आपल्या ड्रॉइंगमध्ये कुठेच नाही. मी काढायला लागले, तर बाहेरून सगळ्या बायका धावून आल्या. हातच लावू देत नाहीत. म्हणतात, ही मॅडमची चूल आहे. कोण मॅडम, ते त्यांनाही माहीत नाही.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“हॅलो? मॅडम? काय करू मी?”

“नळी राहू दे,” मी म्हटलं. “ड्रॉइंगमध्ये काढून घे ती. आणि डबा आणलायस का तू?”

“हो. का?”

“मग जा, फळीवर ठेव. एक वाजता त्यांच्यातच बसून जेव.”

तिला काही कळलं नाही. पण गुणी पोरगी आहे, “बरं” म्हणाली. फोन बंद करायच्या आधी मला तिकडचा आवाज ऐकू आला. कोणीतरी बाई म्हणत होती, “आण पोरी, दे इकडं. मधी ठेवते, मधी चांगला तापतो.”